गुणाबाईच्या डोळ्यातला उजेड

"दादाजी, तुम्ही काढलेले मेलेले लोकं रात्री डोळे मिटतात काय जी?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या दिव्यानी मडावीनं पैज लावली होती. तिच्या घरी तिच्या आजोबाचा फोटो आहे, दादाजींच्याच हातचा, आणि तिचं म्हणणं की तो आजोबा तिच्या मोबाइलमध्ये डोकावत राहतो. आमच्याकडे गावोगाव त्याला फोटोच म्हणतात, कॅमेऱ्याचा असो की तेलरंगाचा. "इचारून दाखव तुझ्या दादाजीले," दिव्यानी म्हणाली होती, आणि बाकीच्या पोरी खीखी करत होत्या. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. पण गॅदरिंगमध्ये भाषण केल्यापासून मला विचारायची भीतीच वाटत नाही. कुणालाही.

दादाजी ओसरीत खाटेवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचं. त्यांना उन्हाकडे पाहायला मनाई होती म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"मिटतील कसे? त्याहीचे डोळे मी इथी पुरे करतच नोहतो."

"म्हणजे?"

"डोळ्यातला उजेड. पांढरा ठिपका राह्यते न, बारीक, मोहरीहून बारीक. तो इथी नाई ठेवायचा. सारा फोटो काढायचा, वरून राळेचं पाणी चढवायचं, वाळवायचं, बांधून त्याहीच्या घरी न्यायचा. भिंतीले लटकवायचा. घरचे सारे समोर बसवायचे. आणि मंग विचारायचं, बाई कुठी पाहात राहे? कोनी म्हणे दाराकडं, कोनी म्हणे चुलीकडं. भांडत बी. साऱ्याईचं एक झालं का तिथी ठेवायचा उजेड. तवापर्यंत फोटो. त्याच्यानंतर मानूस."

राळेचं पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवायची आणि चित्रावर चढवायची, म्हणजे रंग चमकतो आणि धुरापासून वाचतो. त्या आठवड्यात शाळेतून आल्यावर दादाजींचा एक जुना फोटो साफ करण्यापलीकडे मी दुसरं काहीच करत नव्हते. मी विचारलं, "म्हणजे उजेड त्या राळेच्या वरून?"

"वरूनच न. सगळ्यात शेवटी."

"आणि त्याच्यावर टर्पेंटाइन लागलं तं?"

"काऊन लावील कोनी? थुंकी लावा म्हणून सांगितलं न मी?"

मी पळाले.

मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर गुणाबाई आडवी झोपवलेली होती. कुरखेड्याकडच्या खेड्यातली गुणाबाई, दादाजींचे जुने दोस्त गुणवंतराव यांची आई. दादाजींनी हा फोटो काढला तेव्हा अब्बू शाळेत होते. मूळ कॅमेऱ्याचा फोटो वाळवीनं खाल्ला, आता जगात गुणाबाईचा चेहरा एवढाच. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहून चुलीच्या धुरानं तो काळा पडला होता. गुणवंतरावांची नात रीता हिचं लग्न होतं, आणि हळदीच्या आधी नवरीनं पणजीच्या पाया पडायचं असं त्यांनी ठरवलं होतं. "मन्सूरभाऊ, माय दिसली पाह्यजे रीताले," असं दादाजींना म्हणून ते फोटो ठेवून गेले. दादाजींचे हात थरथरतात, डोळे असे. म्हणून काम अम्मीवर आणि माझ्यावर आलं.

दादाजींनी एकच शिकवलं होतं. कापूस तोंडात भिजवायचा, पिळायचा, हलक्या हातानं गोल फिरवायचा, काळा झाला की फेकायचा. मला तर मजाच आली. मी गुणाबाईच्या लुगड्याचे काठ थुंकीनं उजळवले, मागचं निळं आभाळ उजळवलं. जीभ कापसानं कोरडी पडली की पाणी पिऊन परत बसायची.

पण अम्मीच्या वाट्याला चेहरा होता, आणि शाळेतून आले तेव्हा तिच्याजवळ टर्पेंटाइनची बाटली दिसली होती.

अम्मीच्या हातात कापूस होता. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. गुणाबाईचे गाल असे उजळले होते की त्यांना हात लावावासा वाटावा. कपाळावरचं कुंकू जागच्या जागी. आणि डोळे दोन सुकलेल्या टाक्यांसारखे.

"अम्मी, थांब!"

"काऊन ओरडतेस? झालंच हाय."

मी तिच्या हातातला कापूस ओढून घेतला. काळ्या-पिवळ्या डागाच्या कडेला पांढरा फराटा होता, सुईच्या टोकाएवढा.

"तुले थुंकी सांगितली होती न?"

"तौबा!" अम्मीनं कानाला हात लावला. "कोनाच्या मायच्या तोंडावर थुंकी लावू मी? लुगड्याले लाव, आभाळाले लाव, ते वेगळं. पण हिच्या तोंडाले ते लोकं रोज कुंकू लावतात. माझ्या मायच्या तोंडाले कोनी थुंकी लावली असती तं?"

मी तिला सांगितलं, दादाजी आत्ता काय बोलले ते. ती ऐकत होती आणि गुणाबाईकडे पाहत होती. अम्मीचं लग्न होऊन ती आरमोरीत आली तेव्हा फ्लेक्सची मशीन आमच्या दुकानात येऊन वर्ष झालं होतं. तिनं सासऱ्याला कधी ब्रश धरलेलं पाहिलंच नाही. तिला वाटत होतं, चित्र म्हणजे चित्र, सगळं एकाच वेळी होतं. तिनं मला पुढे सांगितलं की त्या क्षणी तिला गुन्हा केल्यासारखं नाही, मय्यतीला आंघोळ घालताना हात चुकल्यासारखं वाटलं. ती हळूच खाली बसली आणि पदरानं तोंड झाकलं.

सगळे जमले ते असे. अब्बू आणि शहबाज चाचा दुकानातून जेवायला आले. मलिका फूफी, अब्बूची मोठी बहीण, दादाजींच्या ऑपरेशनसाठी गडचिरोलीहून आलेलीच होती, ती आतून भाताचं पातेलं घेऊन निघाली आणि दारातच थांबली. चाचा आणि फूफी एकमेकांशी बोलत नव्हते. दादाजींनी नाटकासाठी रंगवलेला राजवाड्याचा पडदा चाचानं दुकानाच्या गळत्या छपरावर ताडपत्रीसारखा टाकला होता, तेव्हापासून. फूफी त्या पडद्यासाठी असं रडली होती की जसं कुणी गेलं. त्यामुळे फूफी बोलायची ती माझ्या मार्फत, आणि चाचाही.

अब्बूनं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलापाशी जाऊन वाकून पाहिलं. "उद्या सकाळी विक्की येते गाडी घेऊन," एवढंच म्हणाले. विक्की म्हणजे गुणवंतरावांचा पुतण्या.

"त्यात काय एवढं?" चाचा म्हणाला. "दोन ठिपके तं हायेत. भाभी, रडू नको. आपन रंगाचेच धंदेवाले हाओ." त्यानं दुकानातून झिरो नंबरचा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी आणली. चाचाचा हात तसा वाईट नाही. नंबरप्लेटा अजूनही तोच रंगवतो. श्वास धरून त्यानं दोन्ही बुबुळांच्या मधोमध एकेक ठिपका ठेवला आणि मागे सरकला.

गुणाबाई एसटी सुटल्यासारखी पाहायला लागली.

मला आधी हसू आलं. चेहरा तोच, कुंकू तेच, आणि बाई कुणी दुसरीच. चाचा बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला. तो नंतर म्हणाला की फ्लेक्सवर त्यानं शेकडो तोंडं छापली, वाढदिवसाची, निवडणुकीची, दहाव्याची, पण आपण एखाद्याचा चेहरा खोटा केला असं त्याला कधी वाटलं नव्हतं. ते तिथं वाटलं. पण तेव्हा तोंडानं तो काही कबूल करणार नव्हता. त्यानं फडक्याच्या टोकानं ठिपके टिपले आणि म्हणाला, "जरा बाजूले ठेवतो. उजवीकडं का डावीकडं, रुखसार, तुझ्या फूफीले विचार. ती जात होती न अब्बासोबत."

"त्याले सांग," फूफी माझ्याकडे पाहत म्हणाली, "का मले गुणाबाईचं माहीत नाई. मी तवा सासरी होतो."

"मंग कोनते बी ठेवू. गुणवंतराव सत्तरीचे झाले, त्याहीले काय दिसते आता? आणि बाकीच्याईनं तं धूरच पाह्यला आतापर्यंत."

"मले दिसते न," अम्मी पदरातून म्हणाली.

"भाभी, तू तं—"

"शहबाज," अब्बू म्हणाले, "तिले बोलू नको." मग ते अम्मीकडे वळले, आवाज खाली आणून. "पण तो म्हणते त्यातबी काही खोटं नाई. लग्नाचं घर हाय. तिथी जाऊन सांगायचं काय, का तुमच्या मायचे डोळे आमच्या घरी पुसल्या गेले? नवरीनं पाया पडायच्या आधी? अपशकुन म्हणतील. आणि आजकाल..."

पुढचं अब्बू बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. आमच्या दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि टेबलावरच्या बाईचं कुंकू, दोन्ही सगळ्यांना दिसत होतं. अब्बूनं त्या घरी दिवाळीला चिवडा खाल्ला आहे, गुणवंतराव ईदला आमच्या ओसरीत बसून शीरखुर्मा पितात. तो फरक बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती. आणि ती आपल्या हातानं आणायची अब्बूला भीती वाटत होती.

"कैफ बरोबर बोलून राह्यला," फूफी अब्बूकडे पाहत म्हणाली. मला धक्काच बसला. फूफी चाचाच्या बाजूनं? "काय तोंडानं जायचं? अब्बाचं नाव हाय त्या घरात. म्हातारपनी त्याहीले ऐकवू नका, आणि गुणवंतरावलेबी. शहबाज..." तिनं पडद्यानंतर पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं, "...थोडंसं उजवीकडं ठेव. दाराकडं. बहुतेक बाया दाराकडंच पाहात."

चाचानं ब्रश तिच्यापुढे धरला. "मंग तूच ठेव न, आपा. तू पाह्यलं हाय."

फूफीनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "मी? घरोघरी डबा मीच वाहून नेला. कंदील मीच धरला. उजेड ठेवायची वेळ आली का अब्बा म्हणत, बाजूले हो, सावली पडते." ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "एकदा विचारलं होतं मी. म्हणाले, परघरी जानारी पोर, तुले काय करायचं. आता ह्या हाताले ब्रश कशाले देता?"

तेवढ्यात ओसरीतून दादाजींनी अम्मीला हाक मारली.

"तहसीन! झाला का वो चेहरा?"

चाचानंच मोठ्यानं सांगितलं, "झाला, अब्बा! एकदम फर्स्ट क्लास!"

"कुठी पाहून राह्यली?"

चाचानं अब्बूकडे पाहिलं, अब्बूनं फूफीकडे, फूफीनं खाली. दादाजींना काही दिसणार नव्हतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यासमोर धुकं. "दाराकडं" एवढा एक शब्द कुणी बोललं असतं तरी सगळं निभावलं असतं. उद्या विक्कीभाऊ फोटो घेऊन गेला असता, रीता पाया पडली असती, आणि गुणाबाई त्या भिंतीवरून कायमची आमच्या अंदाजानं पाहत राहिली असती.

मी बाहेर गेले. "कुठीच नाई, दादाजी."

दादाजींनी मान वळवली. माझ्या मागोमाग सगळेच ओसरीत येऊन उभे राहिले होते.

"उजेड गेला जी. टर्पेंटाइननं."

"कोनाच्या हातानं?"

मी तोंड उघडायच्या आत अम्मी पुढे आली. "माझ्या, अब्बा."

"थुंकी काऊन नाई लावली?"

"ते..." अम्मीनं तोंडावरचा पदर काढला. "त्याहीची माय होती जी."

दादाजींच्या पट्टीखालून पाणी आलं. ते पुसायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं. मग त्यांनी हवेत हात पुढे केला. अम्मीचं डोकं सापडेपर्यंत तो हात तसाच चाचपडत होता. सापडल्यावर ते म्हणाले, "माझ्या उस्तादनं मले काही समजावून नोहतं सांगितलं. त्याच्याजवळ बसून पाह्यलं आणि शिकलो. मले वाटलं तुम्हाले बी तसंच समजन. पण पाहायले तुम्ही कुठी होत्या? ज्याले पाहावंसं वाटे त्याले मी बाजूले सारलं."

फूफी खांबाला टेकली. दादाजींना ती तिथं आहे हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"अब्बा," अब्बू म्हणाले, "तुम्हाले आठवत असन न? गुणाबाई कुठी पाहात होती ते? तुम्ही सांगा, शहबाज ठेवून देईन. गोष्ट घरातच राहीन."

"नाई आठवत."

"थोडं याद करून पाहा न."

"आठवायचंच नसते, कैफ. उस्ताद म्हणत, उजेड ठेवला का त्याच दारात इसरून जायचं. नाई तं एका बाईची नजर दुसरीच्या तोंडाले लागून जाते." त्यांनी मान हलवली. "ते त्याहीच्याच घरी हाय. गुणवंत सांगन. दुसरं कोनीच नाई सांगू शकत."

"म्हणजे त्याहीले सांगावंच लागन," अम्मी म्हणाली.

"आणि ठेवणार कोन?" चाचा पुटपुटला. त्याच्या हातात अजून ब्रश होता. "भर आंगनात, साऱ्या पाहुण्याईसमोर? मले नाई जमणार, अब्बा. मी आत्ता ठेवून पाह्यला. भेव लागते तिचं."

चाचाच्या तोंडून हे निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. फूफीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पडद्याची गोष्ट त्या पाहण्यात कुठंतरी ढिली झाली. तिनं त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि माझ्या हातात दिला.

मी खाटेपाशी गेले. "दादाजी, मले दाखवा."

"दाखवू कसा? मलेच दिसत नाई."

मग त्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी आपला डावा हात पालथा करून माझ्यापुढे धरला. सुरकुतलेला, नखांच्या कडांत कधीच न गेलेला रंग. "ठेव इथी. कोरडाच."

मी ब्रशचं टोक टेकवलं.

"हे तं खुपसणं झालं. डोळा फुटला बाईचा."

परत टेकवलं.

"आता घाबरली तू. घाबरून ठेवलेला उजेड घाबराच दिसते."

कितीदा झालं मी मोजलं नाही. भात थंड झाला. चाचा पायरीवर बसला, फूफी त्याच्या शेजारी. दुकानावर कुणी गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. माझा खांदा दुखायला लागला होता. दादाजींचा हात थरथरत होता, आणि हळूहळू मला कळलं की त्या थरथरीला थांबवायचं नसतं, तिच्यासोबत खाली जायचं आणि तिच्यासोबत वर यायचं. तसं केलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मी अजून एकदा ठेवला. त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं त्या जागेवर आणली, जणू तिथं खरंच ओला रंग होता, आणि न टेकवता वरच्यावर धरली.

"हा," ते म्हणाले. "हा पाहून राह्यला."

अब्बू उठले. त्यांचा चेहरा मी ओळखते. ते आता म्हणणार होते की पोर लहान आहे, दहावीचं वर्ष आहे, लग्नघरी चार लोक चार गोष्टी बोलतील, आपण फोन करून काहीतरी कारण सांगू. अम्मीही त्यांच्याकडेच पाहत होती, ते जे म्हणतील त्याला मान हलवायच्या तयारीत. घाबरलेली होती, आणि घाबरणं तिला शोभत नव्हतं. चूक तिच्या अदबीतून झाली होती. ते त्या घराला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ती स्वतः ते कधीच सांगणार नव्हती.

"अब्बू, पहिले माझं ऐका," मी म्हणाले. "अम्मी, तू बी. उद्या विक्कीभाऊची गाडी येईन तवा फोटो एकटा नाई जाणार. मी मांडीवर घेऊन बसीन. त्याहीच्या आंगनात साऱ्याईले बसवीन आणि पहिले सांगीन, तुमच्या मायच्या तोंडाले थुंकी लावायची माझ्या अम्मीची हिंमत नाई झाली, म्हणून तिच्या डोळ्यातला उजेड गेला. जे बोलायचं ते बोला म्हणीन. त्याहीचं बोलून झालं का मंग विचारीन, बाई कुठी पाहात राहे. आणि ते सांगतील तिथी मी ठेवीन. मी, रुखसार. तुम्ही नाई म्हणाल तरी मी जाणार हाय, अब्बू. पण तुम्ही दोघं बाजूले उभे राह्यले तं माझा हात कमी हालन."